कुणाचे बारा वाजले?

वैद्यक शिकायला मी युक्रेनमधल्या उझहोरोदला गेले, तिथल्या पहिल्याच रविवारी घरमालकीणबाईंनी मला बारा वाजता जेवायला बोलावलं. परक्या गावात पहिलंच बोलावणं. बाराला पाच कमी असताना मी केस विंचरून, कराडहून आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन, अंगण ओलांडून त्यांच्या दारात उभी राहिले. बाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. चूल नुकतीच पेटली होती, बटाटे अजून सालीतच होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अकराला पाच कमी.

आमच्या घरातलं घड्याळ माझ्या जन्माआधीपासून दहा मिनिटं पुढे आहे, त्यामुळे चुकीच्या घड्याळाचं मला काही वाटत नाही. तरी एक तास म्हणजे फारच झालं. मोडक्यातोडक्या युक्रेनियनमध्ये मी म्हटलं, "तुमचं घड्याळ मागे आहे." बाईंनी ओट्यावर पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "मागे नाही. तुझं पुढे आहे." मग एक सुरी माझ्या हातात दिली. बटाटे सोलता सोलता मला त्या गावाची पहिली गोष्ट कळली. तिथे दिवसाला चोवीसच तास असतात, पण प्रत्येक तासाला दोन आकडे असतात.

उझहोरोद हे युक्रेनच्या पार पश्चिम टोकाचं, कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडचं गाव. तिथल्या प्रांताचं मुख्य ठिकाण असूनही लोकवस्ती लाखाच्या थोडीच वर. म्हणजे आपल्याकडचा एखादा बरा तालुका. मधून उझ नदी, काठाने लिंडनच्या झाडांची लांबलचक रांग, एप्रिलमध्ये गुलाबी होणारे साकुराचे, म्हणजे जपानी चेरीचे, रस्ते, आणि पुलाच्या कठड्यांवर, खिडक्यांच्या कडांवर बसवलेली वीतभर ब्राँझची शिल्पं. बाहेरची माणसं ती शोधत हिंडतात, गावातली त्यांच्या शेजारी पिशवी ठेवून बसची वाट बघतात. स्लोवाकियाची हद्द गावाला चिकटून, हंगेरीची तासाभराच्या आत. देशाची राजधानी कीव मात्र सुमारे ८०० किलोमीटरवर. सगळा घोळ या अंतरातच आहे. सरकारी वेळ कीवची आणि ती मध्य युरोपच्या वेळेपेक्षा एक तास पुढे. पण या भागातले बरेच लोक, विशेषतः हंगेरियन बोलणारे आणि त्यातही म्हातारे, घरातलं घड्याळ बुडापेस्टच्या वेळेवर ठेवतात. त्याला ते 'हंगेरीची वेळ' म्हणत नाहीत. 'पो-नाशोमू' म्हणतात. आपल्याप्रमाणे.

म्हणून कुणी कुठलीही वेळ सांगितली की समोरच्याच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "पो-याकोमू?" कशाप्रमाणे? मला युक्रेनियन बेताचंच आलं, पण हा शब्द मी पहिल्या महिन्यातच पक्का केला. नळ दुरुस्त करणारा पाचला येतो म्हणाला, पो-याकोमू? रविवारची प्रार्थना दहाला, पो-याकोमू? लग्नाच्या पत्रिकेवर तर वेळेपुढे 'स्थानिक' असं छापलेलं मी पाहिलंय. आपल्याकडे पत्रिकेत बारा वाजून सदतीस मिनिटांचा मुहूर्त छापतात आणि अक्षता एक वाजता पडतात, तेव्हा तिकडच्या मंडळींचं निदान छापील तरी खरं.

बाईंना मी पुढे 'नेनी' म्हणायला लागले. हंगेरियनमध्ये वयस्क बाईला असंच म्हणतात, आपल्या मावशी-काकूसारखं. ती मला 'किशलान्योम' म्हणायची, म्हणजे पोरी. तिच्या घरात वेळेची वाटणी पक्की होती. जेवण, कपडे वाळत घालणं, प्रार्थना, शेजारणीकडची कॉफी हे सगळं आपल्या वेळेने. दवाखाना, वीजबिल, पेन्शन आणि रेल्वे कीवच्या वेळेने. मार्शरुत्का, म्हणजे आपल्याकडच्या वडापची थोडी शिस्तीची बहीण, तीही कीवची. एकाच वाक्यात ती दोन्ही वापरायची, "आठला उठू, नऊची बस दहाला आहे." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी झोपायला गेले. महिन्याभराने मला त्यात काही वावगं दिसेना.

तिची आई मी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल ऐकलं इतक्या वेळा की ती घरातच असल्यासारखी वाटायची. ती माउली जन्मली तेव्हा गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि त्याचं नाव उंगवार होतं. शाळेत गेली ती चेकोस्लोव्हाकियात. १९३८ च्या नोव्हेंबरात गाव पुन्हा हंगेरीकडे गेलं, त्यानंतर नेनी झाली. १९४५ मध्ये सोव्हिएत संघ आला, १९९१ मध्ये युक्रेन. पाच देशांत राहिलेली ही बाई बाजाराच्या पलीकडे फारशी गेलीच नव्हती. देश तिच्या दारावरून ये-जा करत राहिले. पहिल्या तिन्ही देशांची वेळ एकच होती. सोव्हिएत आले आणि त्यांनी मॉस्कोची वेळ लावली, दोन तास पुढे. डिसेंबरात त्या घड्याळाप्रमाणे सूर्य सव्वानऊनंतर उगवायचा. नेनी सांगायची, अंधारात शाळेत जायचो, पहिले दोन तास दिव्याखाली बसायचो, आणि आई म्हणायची की मॉस्कोत उजाडलंय तर मॉस्कोवाल्यांनी जावं शाळेत. भिंतीवरचं घड्याळ तिने काही हलवलं नाही. १९९० मध्ये मॉस्को जाऊन कीव आलं, दोनाचा एकच तास उरला. नेनीच्या मते ही बरीच प्रगती होती.

याला लोक कुठे जिद्द म्हणतात, कुठे राजकारण म्हणतात. असेलही. मला नेनीच्या स्वयंपाकघरात त्यातलं काही दिसलं नाही. तिथे पापरिका घातलेला बोग्राच रस्सा रटरटायचा, खिडकीत लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असायच्या आणि घड्याळ, सासूने लावलेलं कुंडीतलं झाड सुनेने तिथेच ठेवावं, तसं होतं तिथे होतं.

घोटाळे व्हायचेच. माझा सगळ्यात मोठा घोटाळा नेनीमुळे नाही, फोनमुळे झाला. हद्द इतकी जवळ की फोन कधीकधी पलीकडच्या स्लोवाक टॉवरला जाऊन बिलगतो आणि कुणाला न विचारता एक तास मागे येतो. तिसऱ्या वर्षी एका 'झालिक'च्या सकाळी, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, माझ्या फोनने रात्रीतून असाच देश बदलला. मी शांतपणे चहा पिऊन, नोट्स चाळून, वेळेआधी दहा मिनिटं पोचले, तर वर्गाबाहेर चिटपाखरू नाही. आत सर वही मिटत होते. मी फोन दाखवला. ते म्हणाले, "छान. मग परीक्षा स्लोवाकियात, ब्रातिस्लाव्हात द्या." त्यांनी घेतली परीक्षा, पण प्रश्न असे विचारले की ब्रातिस्लाव्हा बरं पडलं असतं.

आणि कराडला आई होतीच. हिवाळ्यात आपण कीवच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे नेनीच्या साडेचार. उन्हाळ्यात ते लोक घड्याळं तासभर सरकवतात, मग अडीच आणि साडेतीन. आई रात्री नऊला फोन करायची तेव्हा माझ्याकडे साडेपाच आणि नेनीकडे साडेचार. आईने कॅलेंडरच्या मागे कोष्टक लिहून ठेवलं होतं. एकदा वैतागून तिने विचारलं, "अगं पण तिथे एकाच घरात दोन वेळा कशाला हव्यात?" फोन आजोबांच्या हातात गेला. आजोबा तारुण्यात गिरगावात नोकरीला होते. ते म्हणाले, "तिला सांग, आमच्या मुंबईतही होत्या."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खरं होतं. १९०६ मध्ये सगळ्या देशाला एक वेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती ३९ मिनिटं मागे. रेल्वे एका घड्याळावर आणि महापालिका दुसऱ्या, असं १९५५ पर्यंत चाललं. मुंबईचा सूर्य मुंबईच्या डोक्यावर केव्हा येतो हे दुसऱ्याने कोण ठरवायचं, असा तो बाणा. आजोबा म्हणाले, "उशीर झाला की साहेबाला विचारायचं, कुठल्या वेळेप्रमाणे?" मी ओरडलेच, "पो-याकोमू!" आजोबांनी तो शब्द पाठ केला. पुढे आजीने जेवायला हाक मारली की तेच विचारायचे. आजीला त्यात गंमत वाटली नाही.

नेनीला ही ३९ मिनिटांची गोष्ट फार आवडली. "त्यांनी का सोडली?" तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. पण तिच्या मनात एक वेगळंच बसलं होतं. ती ठामपणे म्हणायची, आमचीच वेळ खरी, सूर्याची. मी वैद्यकाची विद्यार्थिनी, पण शाळेतला भूगोल अंगात होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तेव्हा मी अंगणात, द्राक्षाच्या सुकलेल्या मांडवापासून लांब, एक काठी रोवली आणि सावली मोजत बसले. सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा कीवप्रमाणे साडेबारा झाले होते, नेनीप्रमाणे साडेअकरा. म्हणजे उझहोरोदचा सूर्य दोन्ही घड्याळांच्या बरोब्बर मधोमध उभा होता. तो कुणाचाच नव्हता. मी जरा भीतभीतच नेनीला सांगितलं. तिने काठीकडे बघितलं, मग आभाळाकडे. "म्हणजे अर्धा तास ते चुकले आणि अर्धा तास मी," ती म्हणाली. "मग ठीक आहे." आणि काठी उपटून टोमॅटोच्या आधाराच्या काठ्यांत ठेवून दिली. काठी तिथलीच होती.

२०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं तेव्हा मी पाचव्या वर्षाला होते. उझहोरोदवर काही पडलं नाही, पण दोन दिवसांत गाव भरून गेलं. पूर्वेकडून आलेल्या गाड्या, गाद्या, मांजरांच्या टोपल्या. आम्हा भारतीय मुलांना निघायला सांगितलं होतं. हद्दीवरच्या चोप गावापर्यंत बस, मग रांग, मग तिसा नदीच्या पुलावरून हंगेरीत जाणारी गाडी. नेनीने डब्यात खसखशीचा रोल दिला, आणि निघताना, सवयीने, "पोचलीस की सहाला फोन कर." त्या गडबडीत मी विचारलंच नाही.

नदी ओलांडून झाहोन्यला उतरले. थंडीने बोटं वाकत नव्हती. फलाटावरचं घड्याळ बघितलं आणि खिशातला फोन काढला, तर तो आपणहून एक तास मागे आला होता. साडेचार वर्षं मी ज्या वेळेला 'नेनीची वेळ' म्हणत होते ती इथे सगळ्यांच्याच मनगटावर होती. फलाटावरचा हमाल, चहा वाटणाऱ्या मुली, पोलीस, सगळे पो-नाशोमू. सहाला फोन केला. नेनीने उचलल्या उचलल्या विचारलं, "तिथे किती वाजले?" मी म्हटलं, "सहा." पलीकडे ती थोडा वेळ काही बोलली नाही.

माझ्या खोलीत आता खारकिवहून आलेल्या एक बाई राहतात. नेनीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी बरोबर फारसं काही आणलं नव्हतं. तिथे आल्यावर बाजारातून जी पहिली वस्तू घेतली, ती एक स्वस्तातलं भिंतीवरचं घड्याळ. ते कीवच्या वेळेवर. म्हणजे आता अंगणाच्या अलीकडे एक तास आणि पलीकडे दुसरा. दोघी एकमेकींकडे कॉफीला जातात तेव्हा वेळ ठरवत नाहीत, खिडकीतून हाक मारतात. व्हिडिओ कॉल त्यांच्याच फोनवरून होतो. नेनीचा चेहरा बहुतेक वेळा अर्धाच दिसतो, भिंतीवरचं घड्याळ मात्र पूर्ण.

२०२२ च्या मार्चपासून तिथे रोज सकाळी नऊला, युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहतात. नऊ अर्थात कीवचे. एकदा त्याच सुमारास माझा फोन लागला. स्क्रीनवर नेनीचं स्वयंपाकघर, घड्याळात आठ. त्या बाई खुर्चीवरून उठल्या. नेनीही उठली, हातातला डाव तसाच. मीही इकडे कराडच्या ओट्याजवळ उभी राहिले. मिनिट झाल्यावर मी नेनीला म्हटलं, "तुझ्या घड्याळात तर आठच वाजलेत."

"हो ना," नेनी म्हणाली. "म्हणून मी हल्ली आठला दूध तापायला ठेवत नाही. दोनदा उतू गेलं."