म्युझस्कोरमधलं ‘कॉन्सर्ट पिच’ बटण आणि आमच्या वाडीचा बँड

मालवणजवळ आमच्या वाडीचा छोटा बँड आहे, गणपतीत वाजवतो. पेटी, दोन ट्रम्पेट, एक आल्टो सॅक्स, बाकी ढोल-ताशे. हातानं लिहिलेली जुनी पानं पावसाळ्यात दमट होऊन बुरशी धरायला लागली म्हणून मी सगळं म्युझस्कोर या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायला घेतलं, फुकट मिळतं आणि मोबाईलवर पीडीएफ पाठवता येते.

आमची पेटी काळी पाचवर, म्हणजे बी फ्लॅटवर. आधी पेटीचं लिहिलं, मग सगळी वाद्यं एकाच पट्टीत दिसावीत म्हणून कॉन्सर्ट पिच चालू केलं, आणि ते तसंच चालू ठेवून जुन्या पानावर दिसेल तसं ट्रम्पेटचं आणि सॅक्सचं टाइप करत गेलो. चूक इथेच झाली. शेवटी बटण बंद करून प्रिंट काढली तर ट्रम्पेटच्या पानावर जिकडेतिकडे शार्प (स्वर अर्ध्याने चढवायची खूण), मला वाटलं सॉफ्टवेअरने हिशोब करून दिलाय तर बरोबरच असणार.

देवळात तालमीला पहिल्या चार मात्रांतच आबांनी ट्रम्पेट खाली ठेवला, म्हणाले, "अरे पेटी खंय नि आमी खंय!" पेटी काळी पाच, ट्रम्पेट पांढरी एक, सॅक्स पांढरी पाच, तिघं तीन पट्ट्यांत.

घरी येऊन पेटी पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. बी फ्लॅट ट्रम्पेटवाला कागदावरचा सी (पांढरी एक) वाजवतो तेव्हा ऐकू येते काळी पाच, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी दोन, तीही खालच्या सप्तकातली. असं लिहिण्याचा फायदा खरंच मोठा आहे, आल्टोवाल्याने उद्या टेनर सॅक्स हातात घेतला तरी कागदावरच्या त्याच स्वराला बोटं तीच राहतात. तर जुनी पानं आधीच वादकासाठी बदलून लिहिलेली होती, आणि बटण चालू असताना म्युझस्कोर धरून चालतं की तुम्ही कानाला ऐकू येणारा स्वर लिहिताय, त्यामुळे बटण बंद केल्यावर त्याने तेच परत एकदा बदललं.

पुन्हा टाइप करावं लागलं नाही. बटण पुन्हा चालू करून ट्रम्पेटची ओळ पूर्ण सिलेक्ट केली आणि टूल्समधल्या ट्रान्सपोजने (पट्टी बदलायची सोय) मेजर सेकंड, म्हणजे एक पूर्ण स्वर, खाली आणली; सॅक्सची मेजर सिक्स्थ, म्हणजे सी पासून खालच्या ई फ्लॅटपर्यंतचं अंतर, खाली. की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला पट्टी दाखवणारे शार्प-फ्लॅट) बदलायच्या पर्यायापुढची टिकमार्क मात्र काढून टाका, ती आधीच बरोबर असते. मग बटण बंद केलं तर ट्रम्पेट साध्या सीमध्ये, सॅक्स एका शार्पवर, अगदी जुन्या पानासारखं!

दुसऱ्या तालमीला आबांनी पान बघितलं आणि काही न बोलता ट्रम्पेट तोंडाला लावला. आता शेजारच्या वाडीतला क्लॅरिनेटवाला येणार आहे, त्याचा पण बी फ्लॅटच, त्याचं जुनं पान टाइप करायला बसलोय, यावेळी बटण आधी बंद केलं.