विंगेतला खटला आणि दोन मजल्यांचा रंगमंच

'आइदा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मिरवणूक येते. व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात इजिप्तचं सैन्य इथिओपियाला हरवून परत येतं. लांब सरळ तुताऱ्या वाजतात, कैदी येतात, नर्तकी येतात. इटलीतल्या व्हेरोनाच्या रोमनकालीन अरीनात १९१३ साली, व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त, हा ऑपेरा उघड्या आकाशाखाली झाला आणि तिथे तो आजही होत असतो. मिरवणुकीच्या त्या संचलन-संगीताची धून फुटबॉलच्या मैदानांपर्यंत पोचली आहे.

मी ठाण्यात हौशी नाट्यसंस्थांसाठी नेपथ्य करतो. टेम्पोतून फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल (उंचवट्याचे चौथरे) उतरवायच्या, मिळालेल्या वेळेत सेट उभा करायचा, प्रयोग संपला की उतरवून निघायचं. त्यामुळे मला 'आइदा' भिडला तो मिरवणुकीमुळे नाही, चौथ्या अंकामुळे. तो अंक लिहिणाऱ्याला रंगमंच हाडापर्यंत कळलेला होता.

आधी जन्मकथा, कारण ती सर्रास चुकीची छापली जाते. सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी हा ऑपेरा लिहिलेला नाही. कालवा नोव्हेंबर १८६९मध्ये खुला झाला आणि त्याच महिन्यात कैरोचं नवं ऑपेरागृह सुरू झालं ते व्हेर्दीच्याच जुन्या 'रिगोलेत्तो' या ऑपेराने. इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल, त्याला मग खास इजिप्तवरचा ऑपेरा हवा झाला. कथेचा आराखडा दिला ऑग्यूस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने, ज्याने सक्काराचं सेरापियम, म्हणजे पवित्र बैलांचं भुयारी दफनस्थान, शोधून काढलं होतं. संहिता गिस्लान्झोनीची, आणि व्हेर्दीचं मानधन दीड लाख फ्रँक. कपडेपट आणि सेट पॅरिसमध्ये तयार होत असताना प्रशियाच्या फौजांनी शहराला वेढा घातला. सामानही अडकलं आणि मारिएतही. प्रयोग लांबला तो थेट २४ डिसेंबर १८७१पर्यंत. व्हेर्दी कैरोला गेलाच नाही. त्याचं सगळं लक्ष पुढच्या फेब्रुवारीतल्या मिलानच्या प्रयोगाकडे होतं.

या मारिएतबद्दल मला फार आपलेपणा वाटतो. वेशभूषा त्याने प्राचीन चित्रांवरून आखली आणि गायकांनी दाढीमिशा उतरवाव्यात म्हणून तो आग्रह धरून बसला. नटांशी असला वाद मीही घातलेला आहे.

आता चौथा अंक. सेनापती रादामेसचं प्रेम आइदावर. ती इथिओपियाची राजकन्या, इथे दासी म्हणून राहते. फॅरोची मुलगी आम्नेरिस त्याच्यावर जीव टाकते. तिसऱ्या अंकात, नाईलकाठी, रादामेसच्या तोंडून सैन्याचा मार्ग फुटतो आणि तो पकडला जातो. खटला चालतो तो पुरोहितांपुढे, तळघरात. म्हणजे आपल्याला तो दिसत नाही. रंगमंचावर एकटी आम्नेरिस. आतून आरोप ऐकू येतो, मग 'बचाव कर' अशी आज्ञा, मग काहीच नाही. रादामेस गप्प. असं तीनदा. सगळं नाट्य विंगेत आणि प्रकाश फक्त ऐकणारीवर! शिक्षा ठरते, भुयारात जिवंत गाडण्याची. पुरोहित बाहेर येतात तेव्हा ती त्यांना शाप देते. माझ्या मते हा ऑपेरा आइदापेक्षा आम्नेरिसचा आहे.

मग शेवटचा प्रवेश. रंगमंच दोन मजली, आणि हे खुद्द संहितेत लिहिलेलं आहे. वर सोन्याने आणि प्रकाशाने झगमगणारं मंदिर, खाली भुयार. दोन पुरोहित वरून शिळा बसवतात. आइदा आधीच आत येऊन लपलेली असते. एकांकिका स्पर्धेसाठी मी एकदा दुमजली सेट केला होता, म्हणून सांगतो, हे अवघड काम आहे. खालचं छत बुटकं ठेवावं लागतं, वरचा प्रकाश खाली सांडतो, आणि वरच्या पावलांचा आवाज खालच्या संवादांवर येतो. व्हेर्दीने ही अडचण संगीताने सोडवली. वर पुरोहितांचं गायन, खाली दोघांचा हळुवार निरोप, आणि शोकवस्त्रातली आम्नेरिस शिळेवर शांतीची याचना करते. एवढ्या दणदणीत ऑपेराचा शेवट अगदी मंद सुरांत होतो.

माझे मामा पूर्वी संगीत नाटकांना ऑर्गनवर साथ करायचे. त्यांना मी नौपाड्यातल्या त्यांच्या घरी हा अंक ऐकवला. ते म्हणाले, "अरे, शेवटाला टाळी मागितलीच नाही त्याने." पहिल्या अंकातल्या रादामेसच्या गाण्याचा शेवटचा वरचा सूरही व्हेर्दीने हळू, विरत जाणारा लिहिलाय, पण बरेच गायक तो जोरात लावतात, असं मी सांगितलं. मामा ताडकन म्हणाले, "वन्स मोअरच्या आशेने!"

पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांनी लिहिलं की हा इजिप्त युरोपच्या नजरेतून, युरोपच्या सत्तेच्या छायेत घडवलेला आहे. मिरवणुकीबाबत मला ते पूर्ण पटतं. सुएझमुळे मुंबई बंदराची भरभराट झाली हे आपण कौतुकाने वाचतो. कालवा ज्यांच्या भूमीत खणला गेला त्यांचं काय झालं? कर्जात बुडालेल्या इस्माईलने १८७५ साली कालव्यातले शेअर ब्रिटनला विकले आणि १८८२मध्ये ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. पण चौथा अंक ऐकताना मला तो खेदिवचा वाटत नाही, युरोपचाही नाही. तिथे सत्ताधारी पुरोहित आहेत आणि त्यांच्यासमोर हतबल झालेली, स्वतः राजकन्या असलेली बाई आहे.

कैरोचं ते ऑपेरागृह १९७१ साली जळालं. त्या जागी बहुमजली वाहनतळ उभा राहिला, चौकाचं नाव मात्र ऑपेरा चौकच राहिलं. १९८८ साली शहरात दुसऱ्या ठिकाणी नवं ऑपेरागृह झालं.

कोणाला 'आइदा' पहिल्यांदा पाहायचा असेल तर चौथा अंक आधी पाहा. मिरवणूक मग सवडीने.