'सोपोर्तार' नव्हे, 'आपोयार'

देले बी-वन या स्पॅनिश परीक्षेच्या तोंडी भागात एका विषयावर दोन-तीन मिनिटं सलग बोलावं लागतं. ऑनलाइन शिकवणाऱ्या माझ्या चिलीच्या बाईंनी सरावाला विषय दिला, एल बोलुंतारिआदो, म्हणजे स्वयंसेवा.

मी वहीत यादी केली. स्वयंसेवक बोलुंतारिओ, बाई असेल तर बोलुंतारिआ. रक्तदान करणं, दोनार सांग्रे. निधी गोळा करणं, रेकाउदार फोंदोस. पान भरलं, पण बोलायला बसले की एकही शब्द वेळेवर सापडेना. शेवटी वही मिटली आणि 2019 च्या ऑगस्टमधल्या पुराबद्दल बोलायचं ठरवलं.

सांगलीकराला तो पूर मुद्दाम आठवावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आमच्या भागात पाणी आलं नाही, म्हणून जवळच्या शाळेत उतरलेल्या लोकांना आम्ही जेवण वाढायला जायचो. आजूबाजूच्या गावांतून फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि चटणी यायची. पूर म्हणजे इनुंदासिओन, निवारा म्हणजे आल्बेर्गे, आपत्तीग्रस्त म्हणजे दाम्निफिकादोस. हे शब्द मला पुन्हा पाठ करावे लागले नाहीत. प्रत्येकामागे कुणाचा तरी चेहरा होता.

पण त्याच तासाला चूक झाली. 'आम्ही पूरग्रस्तांना आधार दिला' असं सांगायचं होतं. इंग्रजीतला सपोर्ट डोक्यात ठेवून मी सोपोर्तार हे क्रियापद वापरलं. बाईंनी थांबवलं. सोपोर्तार म्हणजे सहन करणं. आम्ही त्या लोकांना कसंबसं सहन केलं, असं मी म्हणून बसले होते! शाळेच्या वऱ्हांड्यात ओल्या कागदांची पिशवी कवटाळून बसलेल्या एक आजी डोळ्यांसमोर आल्या आणि फार वाईट वाटलं. आधार देणं म्हणजे आपोयार. असाच फसवा शब्द आसिस्तीर. इंग्रजीतल्या असिस्टमुळे तो मदत करणं वाटतो, पण त्याचा नेहमीचा अर्थ हजर राहणं. तेव्हापासून इंग्रजीसारखा दिसणारा शब्द मी कोश बघितल्याशिवाय उचलत नाही.

यादीत नसलेला एक शब्द बाईंनी दिला, मिंगा. मूळचा केचुआ या दक्षिण अमेरिकेतल्या भाषेतला. चिलीच्या दक्षिणेला चिलोए बेट आहे. तिथे एखाद्याला घर हलवायचं असेल तर शेजारीपाजारी बैल घेऊन येतात, अख्खं लाकडी घर ओंडक्यांवरून ओढत नेतात. मजुरी कुणी घेत नाही. घरमालक सगळ्यांना जेवू घालतो.

मला तासगावकडचे माझे आजोबा आठवले. पेरणी तोंडावर आली आणि एखाद्याची नांगरट मागे राहिली, की गावातले लोक आपापले बैल-औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे. दिवसात रान मोकळं. जेवण त्याच्या घरी. आजोबा त्याला इर्जिक म्हणायचे. बैल तेच, जेवणही तेच, फक्त तिकडे घर आणि इकडे शेत.

पुढच्या तासाला मी पुरापासून सुरुवात केली आणि इर्जिकेवर आले. तीन मिनिटं कधी संपली कळलं नाही. बाईंनी शब्द लिहून मागितला. स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार ख होतो, तेव्हा तो 'इरखिक' वाचला गेला असता. म्हणून मी तिथे वाय घातला आणि त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतला.