एकाला किती बिबडे द्यायचे? ऑनलाइन विक्रीत लिमिट लावायचा माझा अनुभव

ज्यांचा माल वर्षातून एकदाच तयार होतो आणि तो ऑनलाइन विकायचाय त्यांच्यासाठी लिहितेय. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर मागच्या उन्हाळ्यात आमचे ३६ पुडे वाया गेले नसते.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. सासूबाई, दोन काकू आणि गल्लीतल्या तिघीजणी मिळून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करतो. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगते, ज्वारी तीन दिवस भिजवायची, उपसून दळायची, चाळायची, मग जिरं तीळ लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापायचा, हाताला चटके बसतात पण गार झाला की थापला जात नाही. (थोडा घाटा वाटीत काढून वर कच्चं तेल टाकून आधी सगळ्यांनी खायचा, ते तर आलंच.) हे सगळं चैत्र-वैशाखातल्या कडक उन्हातच जमतं, एकदा पावसाला सुरुवात झाली की संपलं. म्हणून आमचा स्टॉक म्हणजे जो आहे तो आहे, संपला म्हणून पुन्हा करून टाकू असं होत नाही.

मागच्या वर्षी ६० किलो झाले. पाव किलोचे २४० पुडे. अर्धे नेहमीच्या ओळखीच्या लोकांना ठेवले आणि १२० एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर टाकले. भाव १४०, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात २० टक्क्यांचं कुपन लावलं म्हणजे ११२ ला पुडा. डोक्यात हिशोब असा होता की पुण्या-मुंबईत, सुरतेला आपली खान्देशी माणसं खूप आहेत, आखाजीला ज्या लेकींना माहेरी येता येत नाही त्यांच्यापर्यंत तरी बिबडा पोचेल.

पहिल्याच रात्री एकाच नावाने ४८ पुड्यांची ऑर्डर. सकाळी त्याच नावाने अजून ३६, ती कॅश ऑन डिलिव्हरी. घरात आधी आनंदच झाला, फक्त सासूबाई म्हणाल्या, "इतला बिबडा एकलाच मानूस कसाले ली ऱ्हायना व?" (एवढे बिबडे एकटाच माणूस कशाला घेतोय गं?) तेव्हा मी लक्ष दिलं नाही, पॅकिंगला लागले. उरलेले ३६ पुढच्या दोन दिवसात गेले आणि लिस्टिंगवर, म्हणजे साइटवरच्या आमच्या मालाच्या पानावर, स्टॉक संपला. मग ओळखीतल्यांचे फोन सुरू, ताई दिसतच नाहीये, वहिनी कधी येणार परत.

पंधरा दिवसांनी दोन गोष्टी झाल्या. आमच्याच पुड्याचा फोटो दुसऱ्याच्या लिस्टिंगवर २३० रुपयांना दिसला. आणि ते ३६ पुडे, कॅश ऑन डिलिव्हरीवाले, घेणाऱ्याने नाकारले म्हणून परत आले. खोका एका बाजूने पूर्ण दबलेला, आत चुरा, काही पुड्यांची तोंडं उघडलेली. खायचा पदार्थ, तो परत दुसऱ्याला पाठवणं शक्यच नाही. दोन महिने घरात चुरा, कांदा, शेंगदाणे, तेल असं खाल्लं, चांगला लागतो, पण ज्या बायांनी उन्हात थापले त्यांच्यासमोर तो खोका उघडताना मला फार वाईट वाटलं.

मध्येच ऑर्डर रद्द का नाही केली असं दिराने विचारलं. तर विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी त्याच्या खात्यावर मोजल्या जातात, त्याची टक्केवारी वाढली की खातंच अडचणीत येतं, आणि आमच्यासारख्या थोड्या ऑर्डरीवाल्यांची टक्केवारी एकदोन रद्द केल्या तरी लगेच वाढते. सपोर्टला तिकीट टाकलं, उत्तर आलं की ग्राहकाची ऑर्डर बरोबर आहे, तुम्ही लिमिट लावलेलं नव्हतं. म्हणजे लिमिट लावता येतं हे मला त्या उत्तरातून कळलं!

या वर्षी माल चढवताना ते शोधायला लागले. लिस्टिंग एडिट केलं की ऑफरचा भाग उघडतो, तिथे किंमत, स्टॉक वगैरे दिसतं, पण एका ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त किती नग हा रकाना दिसत नाही. सगळे रकाने दाखवा असं बटण दाबल्यावर खाली कुठेतरी येतो. त्यात ४ टाकलं, सेव्ह केलं, आणि लगेच दिराच्या मोबाईलवरून बघितलं तर अजून दहा घेता येत होते. घाबरू नका, थोडा वेळ लागतो, दुपारनंतर पाचवा पुडा कार्टमध्ये जाईना. दुसऱ्याच्या खात्यावरून तपासून बघणं मात्र सोडू नका.

तरी एक चूक राहिलीच. आमचं चार पुड्यांचं कॉम्बो वेगळं होतं, त्याला लिमिट नव्हतं. पाव किलो, अर्धा किलो, कॉम्बो, प्रत्येकाला वेगळं लावावं लागतं. आणि कॉम्बोलाही ४ टाकलं असतं तर एका ऑर्डरीत सोळा पुडे गेले असते, म्हणून तिथे १.

आता खरी गोष्ट. हे लिमिट एका ऑर्डरीला असतं, एका माणसाला नाही. आज चार घेतले, उद्या परत चार घेतले, कोण अडवणार. माझा मावसभाऊ ईबेवरून परदेशात गोधड्या विकतो (ईबेचं भारतातलं दुकान २०१८ ला बंद झालं, पण बाहेर विकता येतं), त्याच्याकडे एका खरेदीदाराने एकूण किती घ्यायचे हेच ठरवता येतं, मी ते बघून म्हटलं हे आपल्याकडे का नाही. ओएनडीसी म्हणजे सरकारच्या पुढाकाराने सुरू झालेलं ऑनलाइन विक्रीचं खुलं नेटवर्क, त्याच्या कॅटलॉगमध्येही शिल्लक किती आणि एका वेळी जास्तीत जास्त किती असे दोन आकडे वेगळे भरायची सोय आहे, पण तेही ऑर्डरीपुरतंच.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. कुपन एका ग्राहकाला एकदाच चालेल असं ठेवलं, म्हणजे परत आला तर पूर्ण भावाने घे बाबा. आणि सगळा स्टॉक एकदम लिस्टिंगवर टाकणं बंद केलं. रोज सकाळी १५ पुडे चढवते, बस. त्याने एकगठ्ठा उचलणाऱ्याची सोय उरली नाही. थोडं काम वाढतं, चहा होईपर्यंत होऊन जातं.

आकडा कसा ठरवायचा हे लोक विचारतात. अंदाजाने टाकू नका, जुन्या ऑर्डरी बघा. आमच्या बहुतेक दोन नाहीतर तीन पुड्यांच्या होत्या, म्हणून ४ बरोबर वाटलं. पण नाशिकच्या एका बाईंना लेकीच्या रुखवतात ठेवायला अकरा हवे होते, त्यांना घेता येईना, त्यांनी प्रश्नांच्या जागेत तसं लिहिलं. अशांना अडवायचं नव्हतंच ना. तिथे आपला फोन नंबर टाकता येत नाही, नियमात बसत नाही. म्हणून १२ पुड्यांचा रुखवत पॅक असं वेगळंच लिस्टिंग केलं, एका ऑर्डरीला एकच, आणि पाठवायला चार दिवस जास्त घेतले म्हणजे मजबूत खोक्यात भरता येतं. साध्या पुड्याचं लिमिट ६ केलं. व्यापाऱ्याला ते पॅक परवडत नाही कारण त्यावर सूट नाही.

सासूबाईंना हे सगळं समजावलं तर त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही, बाजारात टोपली घेऊन बसायच्या तेव्हा त्या हेच करायच्या, दुकानवाला आला आणि सगळी टोपली मागितली तर अर्धी द्यायच्या, बाकी येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना. माणूस समोर दिसायचा म्हणून जमायचं. इथे माणूस दिसत नाही, म्हणून ते आधीच आकड्यात सांगून ठेवावं लागतं.

या वर्षी ७० किलो केले. आखाजीला स्टॉक संपला नाही, ज्येष्ठ लागला तरी चालू होता, नाशिकच्या बाईंचा रुखवत पॅक अख्खा पोचला. आता २३ पुडे शिल्लक आहेत, आभाळ भरून येतंय, म्हणून काल लिमिट ६ वरून २ वर आणलं.