बीजिंगचे ट्यूलिप: दक्षिण दरवाजाच्या नादी लागू नका

फोटोत दिसणारी ट्यूलिपची अथांग शेतं बीजिंगच्या झोंगशान पार्कात नाहीत. ते फोटो पोटावर झोपून काढलेले असतात. प्रत्यक्षात जुन्या सायप्रसखाली आखीव वाफे आहेत आणि वाफ्यापेक्षा माणसं जास्त. तरी जावं. १९७७ मध्ये नेदरलँड्सच्या राजघराण्याने भेट दिलेले ट्यूलिप इथेच लावले गेले होते.

खरा छळ दक्षिण दरवाजाचा. नकाशावर तो मेट्रोला खेटून दिसतो, पण तो तिआनमेनच्या तपासणी नाक्याच्या आत आहे. पासपोर्ट, बॅग, पुन्हा पासपोर्ट. सुट्टीच्या दिवशी तासभर सहज जातो, तोही उन्हात उभं राहून. लायटर असेल तर गेलाच समजा. त्यापेक्षा १ नंबर लाइनने तिआनमेन वेस्टला उतरा आणि नानचांग रस्त्यावरच्या पश्चिम दरवाजाने आत शिरा. कधीकधी बंदोबस्तामुळे गाडी या स्टेशनला थांबतच नाही. मग पश्चिमेकडच्या शेजारच्या शीदान स्टेशनला उतरून चालायचं. पासपोर्ट मूळच हवा, झेरॉक्स चालत नाही.

एरवी तिकीट ३ युआन, फुलांच्या हंगामात १०. इतक्या स्वस्तात भागतं म्हणून खूश होऊ नका, बाहेर सायकलरिक्षावाले टपलेले असतात. ‘तीस’ ठरवून उतरताना माणशी तीस, नाहीतर चक्क तीनशे मागतात. बसूच नका.

अलीपेला (पैसे भरायचं चिनी अॅप) व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातूनच जोडा आणि बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, त्यामुळे रोमिंग नसेल तर ऐनवेळी अडकाल. गूगल मॅप्स तिथे बंद. रोमिंगवर चाललं तरी ठिकाण शेकडो मीटर सरकलेलं दिसतं. गाओद हे चिनी नकाशा अॅप वापरा.

एप्रिलचा मधला आठवडा धरा. चिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या सुट्टीत, ४-५ एप्रिलच्या आसपास, फुलं अर्धवट आणि गर्दी पूर्ण. पहाटे धावू नका: गारठ्यात पाकळ्या मिटलेल्या असतात, दहानंतर ऊन लागलं की उघडतात. पारा २५च्या वर दोन-तीन दिवस टिकला की गळती सुरू, मग तारखा विसरा. त्याच सुमारास पॉप्लर आणि विलोचा कापूस उडू लागतो. दम्यावाल्यांनी मास्क लावलाच पाहिजे.

पाच रंगांच्या मातीची वेदीही आत आहे, दहा मिनिटं पुरेत. ड्रोन हॉटेलवरही नेऊ नका, घरीच ठेवा.