तिथं नाही, इथं मार

हात ठणकायलाय पण आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी सहाला कराटेचा क्लास. थंडीत परभणीचा पारा कुठं जातो ते इथल्या माणसाला सांगायला नको, फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पहिली दहा मिनिटं तळपाय आपले वाटतच नाहीत. सरांनी गोहोन कुमिते घेतलं, म्हणजे समोरच्यानं पाच पावलं पुढं येत पाच पंच मारायचे, आपण तेवढीच पावलं मागं जात अडवायचे आणि पाचव्यानंतर आपला एक पंच, ग्याकू-झुकी, म्हणजे पुढं असलेल्या पायाच्या उलट्या हाताचा. माझी जोडी नववीतल्या पोरीशी लागली, ती ब्राउन बेल्ट, म्हणजे ब्लॅकच्या खालोखाल, मी ३८ वर्षांचा येलो, अजून खालच्याच पायरीवर.

पहिल्या दोन फेऱ्या मी नुसता हात आपटत होतो, हाडावर हाड. मनगटाच्या चार बोटं वर टेंगूळ आलंय, आत्ता लिहितानाही वहीच्या कडेला लागतंय. सरांनी थांबवलं, म्हणले, अडवायला आपण उके म्हणतो, पण उके म्हणजे ब्लॉक नाही, जपानीत त्याचा अर्थ घेणं, आलेलं आधी घ्यायचं. मग नागाशी-उके दाखवलं: पाऊल जरा तिरकं, आलेल्या मनगटाला उघडा तळहात लावायचा आणि मूठ आपल्या कानाजवळून जाऊ द्यायची. वीतभर सुद्धा ढकलावं लागत नाही.

मग माझी मारायची पाळी. १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे घेऊन गेलेले गिचिन फुनाकोशी यांचं एक सूत्र आहे की कराटेत पहिला वार आपला नसतो, ते मला इतकं पटलेलं आहे की मारायचं म्हणलं की हात जड होतो, त्यात समोर लेकीच्या वयाची पोर. दोन पंच झाले आणि ती थांबली.

"काका, तुम्ही बाजूला मारायलाव. मी हात नाही हलवला तरी लागंना मला. मग मी शिकू कशी?"

मला वाटायलं होतं मी तिला जपायलोय. खरं तर तिचा हात बरोबर आला का चुकला हे तिला कळायची सोयच मी ठेवली नव्हती, आणि दोन वर्षं मी सगळ्यांना असेच पंच देत आलो असणार, हे लई लागलं मनाला.

पुढचा हळू मारला पण सरळ नाकाच्या रेषेत. तिचा तळहात मनगटाला लागला, आवाज सुद्धा नाही, आणि माझी मूठ तिच्या कानाजवळून निघून गेली. नंतर तिनं मला तसेच खरे दिले. "मुठीकडं बघू नका, खांदा आधी हलतो" म्हणली. पाचातले तीन वळले, चौथा गालाला घासून गेला.

रात्री जेवणं झाल्यावर पोराला समोर उभं केलं, म्हणलं मार, हळू मार पण नाकावर. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खांद्यावर मारला.

"तिथं नाही रे बाळा, इथं."

चौथ्या वेळेला त्यानं नाकाच्या रेषेत मारला.