एकच रस, तीन जिवाणू: व्हिनेगर करतानाचा माझा अनुभव

सफरचंदाचा रस यीस्टने आंबवला, थोडी साखर उरलेली असतानाच तो बारीक गाळून यीस्ट बाजूला काढले आणि सुमारे ६ टक्के मद्यार्क असलेला तो द्रव तीन बरण्यांत भरला. प्रत्येक बरणीत निराळ्या जिवाणूचे शुद्ध विरजण घातले: ॲसेटोबॅक्टर पाश्चुरिॲनस, कोमागाटेईबॅक्टर झायलिनस आणि ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडन्स. तिन्ही जिवाणू मद्यार्काचे आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबट करणारे आम्ल, करतात. त्याखेरीज प्रत्येक जण आणखी काय करतो यावर व्हिनेगरचा दर्जा किती अवलंबून असतो, हे मला पारखायचे होते. या जिवाणूंना प्राणवायू लागतोच, म्हणून बरण्यांच्या रुंद तोंडांवर घट्ट विणीचे कापड बांधले आणि तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले.

पाश्चुरिॲनसच्या बरणीत पातळ, सुरकुतलेली साय धरली आणि ती काचेवर थोडी वरही चढली. सुरुवातीला नेलपॉलिशसारखा उग्र वास येत होता. मद्यार्क आणि आम्ल एकत्र असताना तयार होणाऱ्या इथाइल ॲसिटेटचा तो वास मद्यार्क कमी होत गेला तसा निवळला, आणि मागे फळाचा गंध स्पष्ट जाणवू लागला. मला स्वतःला हेच व्हिनेगर सर्वांत आवडले.

झायलिनसने सेल्युलोजची जाड, चिवट चकती तयार केली. बरणी हलली की ती बुडे आणि वर नवी धरे. हिलाच व्हिनेगरची आई म्हणतात आणि पुष्कळांना ती उत्तम व्हिनेगरची खूण वाटते. पण उरलेल्या साखरेचा काही भाग त्या चकतीतच जातो, शिवाय तिच्याखाली प्राणवायू कमी पोहोचतो. माझ्या बरणीत आम्लता सावकाश वाढली आणि चव सपाट राहिली.

ग्लुकोनोबॅक्टरची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी होती. फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे सूचक टाकून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले, म्हणजे एकूण आम्ल किती ते अल्कली थेंबाथेंबाने घालून मोजले, तेव्हा गुलाबी छटा टिकेपर्यंत ब्युरेटमधून (मापाच्या नळीतून) बरेच द्रावण गेले, म्हणजे आकड्यात आम्लता चांगली होती, आणि तरीही नाकाला झोंबणारा वास जवळजवळ नव्हता. हा जिवाणू साखरेकडे अधिक ओढ घेतो आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल करतो. ते उडून जाणारे नसल्याने त्याला वास नाही, पण अनुमापनात मात्र तेही ॲसेटिक आम्ल म्हणूनच मोजले जाते. म्हणून नमुन्याचे ऊर्ध्वपातन करून, म्हणजे त्याची वाफ करून ती पुन्हा थंड करून, बाष्पशील (उडून जाणारे) आम्ल वेगळे मोजले, आणि तेव्हाच तिन्ही बरण्यांची खरी तुलना करता आली. एकूण आम्लतेच्या एकाच आकड्यावर दर्जा ठरवणे मला तेव्हापासून मान्य नाही.

पाश्चुरिॲनसच्या व्हिनेगरचा काही भाग मी मद्यार्क संपल्यावरही मुद्दाम उघडा ठेवला. काही काळ आम्लता स्थिर राहिली, नंतर उतरू लागली, कारण ॲसेटोबॅक्टर आणि कोमागाटेईबॅक्टर मद्यार्क संपल्यावर ॲसेटिक आम्लाचेच ऑक्सिडीकरण करून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतात. ग्लुकोनोबॅक्टरला ते जमत नाही, कारण त्याचे क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत असे पूर्ण ऑक्सिडीकरण घडवणारी रासायनिक क्रियांची साखळी, अपुरे असते. त्यामुळे आता थोडा मद्यार्क शिल्लक असतानाच मी व्हिनेगर गाळतो, बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद करतो आणि ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून जिवाणूंचे काम तिथेच थांबवतो.